दोनदा मागं वळून

रडू डोळ्यांत येण्याआधी हनुवटीवर येतं. ओठाखालच्या कातडीवर बारीक खळगे पडतात, कोरड्या मातीवर चार थेंब पडावेत तसे. मग खालचा ओठ आत ओढला जातो, मान एका बाजूला वळते आणि त्यानंतर डोळे भरतात. खळग्यांपासून पाण्यापर्यंत साधारण तीन श्वास लागतात. घट्ट मनाच्या बाईला पाच. केसरबाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. बारा वर्षं मयताच्या घरी बायकांसमोर बसून तिने ते पाहिलं होतं.

नांदूरघाटात कुणी गेलं की तिरडी बांधायला बसण्याआधी केसरबाईला बोलावणं जाई. हेल काढून रडणाऱ्या बायका गावात पुष्कळ होत्या. पण ज्याचं माणूस गेलं तोच दगडासारखा बसून राहिला, तर त्याला रडवायचं काम केसरबाईचं. "रडू दे बाई त्याला, न्हाईतर छाती फुटंल त्याची," असं म्हणत बायका तिला पुढे बसवत. ती कधी मोठे शब्द वापरत नसे. सोन्यासारखा माणूस, देवानं नेला, ही बोलणी सगळ्यांचीच होती आणि कानावरून घसरून जात. केसरबाई घरात शिरली की आधी इकडे तिकडे पाहून घेई. कोणती वस्तू कुठे आहे, कशी ठेवली आहे, कुणाच्या हातची आहे. मग एकच वाक्य बोले.

सुग्रीवची बायको गेली तेव्हा सुग्रीव सकाळपासून खांबाला टेकून बसला होता. पाणीसुद्धा घेईना. केसरबाईने चुलीकडे पाहिलं आणि म्हणाली, "सुग्रीवदादा, रातचं कालवण तिनं तुमच्यासाठी झाकून ठिवलंय. अजून झाकलेलंच हाय."

सुग्रीवच्या हनुवटीवर खळगे पडले. तिसऱ्या श्वासाला तो असा ओरडला, की गोठ्यातली गुरं उठून उभी राहिली.

घरी जाताना केसरबाई त्या वाक्याचा विचार करत होती. नुसतं 'कालवण ठिवलंय' म्हटलं असतं तर तो हलला नसता. 'झाकून' या शब्दात बायकोचा हात होता. माशी बसू नये, निवू नये, एवढी काळजी होती. माणूस मरणाला रडत नाही, त्या हाताला रडतो, हे तिला कळून चुकलं होतं.

मयत उरकलं की सगळे आपापल्या घरी जाऊन अंघोळ करत. केसरबाईही जाई. दीर बंकट आणि जाऊ सुंदरबाई यांच्या घराला लागून तिची एक खोली होती. तिथे ती दोन भाकरींचं पीठ मळायची, एक आताची, एक सकाळची. गाव तिच्याशी वाईट वागत नव्हतं, पण तिचं काय करावं हे गावाला कळत नव्हतं. नवरा बारा वर्षं बेपत्ता. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावत, पण कुंकू लावणारं बोट तिच्या कपाळापुढे येऊन थबकायचं. एका श्वासाएवढंच. मग टेकायचं. ती तेवढा श्वास दरवेळी मोजायची. माणसांनी तिच्याकडे न थबकता पाहिलं, ते फक्त कुणी मेल्यावर.

तिचा नवरा उत्तरेश्वर मोठ्या दुष्काळाच्या साली गेला. विहिरी आटल्या होत्या, गुरं मेली होती. सासू आणि ती दोघी रानातला पाला उकडून खात होत्या. बंकट तेव्हा वडवणीकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेला. एका सकाळी उत्तरेश्वर घोंगडी खांद्यावर टाकून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मी चाललो. वाट बघू नको. मला तुझ्यासंगं न्हाई राहायचं."

"कावून?"

"कावून न्हाई अन् बिवून न्हाई. न्हाई राहायचं."

भांडण झालं नव्हतं. तो रागातही नव्हता. पांदीच्या वळणापर्यंत ती त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. तो एकदाही मागे वळला नाही.

ती आत आली तेव्हा सासू चुलीपाशी पडून होती. उठायची ताकद नव्हती. "कुठं गेला गं माझा उत्तरेश्वर?" तिने विचारलं.

केसरबाई तेव्हा वीस वर्षांची होती. तिने सासूच्या गालांची हाडं पाहिली आणि म्हणाली, "इंग्रजी मुलखात गेलेत, कामाला. दिवाळीला येतो म्हणाले." एवढ्याने सासूचा चेहरा हलला नाही. मग केसरबाईच्या तोंडून आणखी एक वाक्य निघालं, कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. "जाताना दोनदा मागं वळून बघितलं."

सासूच्या हनुवटीवर खळगे पडले. केसरबाईने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, ते त्या दिवशी.

सासू महिनाभराने गेली, लेकाने मागे वळून पाहिलं होतं या समाधानात. जाण्याआधी तिने ते शेजारणीला सांगितलं होतं, शेजारणीने विहिरीवर सांगितलं. पुढे काही वर्षांनी गावातल्या लहान पोरीसुद्धा सांगायच्या, की केसरमावशीचा नवरा पांदीच्या वळणावर थांबला होता आणि त्याने दोनदा मागं वळून पाहिलं होतं.

खरं सांगायचं केसरबाईने किती वेळा ठरवलं. दिवाळी झाली की सांगू, पंचमी झाली की सांगू. पण दरवेळी तिला छबुबाई दिसायची. छबुबाईला नवऱ्याने टाकली तेव्हा तिने पंच बसवले आणि पंचांनी तिची काडी मोडली. गवताची एक काडी दोघांच्या नावाने मोडायची, की लग्न सुटलं. त्यानंतर छबुबाई भावाच्या घरी युसूफ वडगावला राहिली. लग्नात ती मांडवाच्या बाहेर बसे. मयताला गेली तर मागे उभी राही. बायका म्हणत, "हिच्यातच काय तरी खोट असंल, त्याबिगर कुणी टाकतं व्हय?" टाकलेल्या बाईच्या बोलण्यावर कुणी रडत नाही. केसरबाईकडे बोलण्यापलीकडे दुसरं काही नव्हतं.

पाच वर्षांमागे धुळाजी धनगर मेंढरं घेऊन बार्शीकडे गेला होता. परत आल्यावर तो तिला ओढ्यावर गाठून म्हणाला, "वैनी, उत्तरेश्वरदादा दिसले. कापसाच्या जिनात हमाली करत्यात. बायको हाय. दोन पोरं हायेत."

"काय म्हणाले?"

धुळाजीने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी तुला वळखत न्हाई, म्हणाले."

"कुणाला सांगू नका, धुळाजी."

"मी कशाला सांगू? मेंढरांला?" तो म्हणाला, आणि खरोखरच त्याने कुणाला सांगितलं नाही.

हैदराबादचे जुने निजाम गेले त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. त्या भादव्यापर्यंत सुंदरबाईची दोन लेकरं गेली होती. एक पाचवीच्या आत, एक चार महिन्यांचं होऊन. तिसऱ्यांदा तिला पाचवा महिना होता. बंकटने जोशीबुवांना विचारलं. जोशीबुवांनी सांगितलं, की घरातला थोरला बेपत्ता आहे, बारा वर्षं उलटली, तो गेलाच समजायचं, आणि त्याला अजून पाणी मिळालेलं नाही. पितृपंधरवड्यात पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे तो सुटेल आणि घरही सुटेल.

बंकटने केसरबाईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बघू." पुन्हा विचारलं तेव्हा तो चिडला. "वैनी, किती दिस बघू बघू? माझं घर बुडाया लागलंय. तुमाला काय, एकटा जीव!" मग आपल्याच बोलण्याने खजील होऊन तो बैल सोडायला निघून गेला. चिडून बोललेल्या शब्दांनी केसरबाईला काही झालं नाही. तसे शब्द लागतात, पण हलवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी तात्याबा आला. तात्याबा पंचांतला वडीलधारा, बोलण्यात मुरलेला. तो ओट्यावर बसला, पाणी मागितलं, अर्धं प्यायला आणि तांब्या खाली न ठेवता हातातच धरून राहिला. केसरबाई पदर सारखा करून दाराच्या आत बसली.

"केसर, लेकी, मी तुला काय शिकवणार? अर्ध्या गावाला तू रडाया शिकवलंयस." तो हसला. "आमच्या म्हातारीच्या वक्ताला तर मला बी रडवलंस. मी म्हणतो, तुझ्या म्हायेरच्या, वडवणीच्या बायांच्या जिभेत देवानं काय घातलंय काय की!"

ती हसली नाही, पण ऐकत राहिली. तात्याबा मेला हा शब्द वापरत नाही, हे तिच्या लगेच लक्षात आलं. तो 'थांबलाय' म्हणत होता, 'तहानलाय' म्हणत होता. आवाज हळूहळू खाली नेत होता, म्हणजे ऐकणाऱ्याने पुढे वाकावं. ती स्वतः असंच करायची. कारागिराने दुसऱ्या कारागिराचा हात पाहावा तसं ती पाहत होती, आणि मनातल्या मनात म्हणत होती, इथे तांब्या खाली ठेवील.

त्याने तांब्या खाली ठेवला.

"बारा वरसं तू दाराकडं डोळं लावून हायेस. त्यो बी तसाच बसला असंल, पोरी. न्हाई तिकडचा, न्हाई हिकडचा. घसा कोरडा पडला असंल त्याचा." त्याने आवाज आणखी खाली नेला. "ज्या माणसानं जाताना दोनदा मागं वळून बघितलं, त्याला तू पाण्याबिगर ठिवणार हायेस का?"

केसरबाईला आपल्या ओठाखालची कातडी आकसल्यासारखी वाटली. तिने हात लावून पाहिला. खळगे पडले होते. एक श्वास, दोन श्वास, आणि तिसऱ्याला तिने पदर तोंडात धरला. एका भुकेल्या म्हातारीसाठी तिने घडवलेलं वाक्य बारा वर्षं गावभर फिरून परत तिच्याच दारात आलं होतं, आणि ते खोटं आहे हे ठाऊक असूनही ती रडत होती. त्या वेळी तिला खरंच दिसला तो, पांदीच्या वळणावर, मागे वळलेला.

"करा म्हणावं बंकटभावजींना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सुंदरबाई तेलाची वाटी घेऊन आली. "आक्का, बसा, डोस्कं विंचरते," ती म्हणाली. तिच्या बोटांत कितीतरी दिवसांनी जोर होता. "मला लई वाईट वाटतं बघा. तुमचं कुंकू जाणार अन् माझं मन हलकं झालंय. कसली म्हणायची मी?"

"लेकराची आई म्हणायची."

"पहिलं लेकरू गेलं तवापासून रोज सांजच्याला मी भावजींच्या नावानं उंबऱ्याबाहेर पाणी ठिवते. आमचे धनी हसत्यात. पण सकाळी तांब्या रिकामाच असतो की न्हाई!"

"कुत्रं पीत असंल."

"तुमी बी काय आक्का!" सुंदरबाई हसली. मग तेलाची वाटी बाजूला सारून हळूच म्हणाली, "परवा भावजींसाठी चांगलं बोला हं. समद्यांसाठी बोललात, आता त्यांच्यासाठी. युसूफ वडगावच्या बाया ऐकाया येणार हायेत."

ती गेल्यावर केसरबाई खोलीत उभी राहिली आणि सवयीप्रमाणे इकडे तिकडे पाहू लागली. काय बोलावं हे ठरवायचं म्हणजे आधी वस्तू पाहायची. तिने कोनाडा पाहिला, खुंटी पाहिली, उतरंडीच्या मागे हात घालून पाहिलं. त्याने बरं धोतर नेलं होतं, घोंगडी नेली होती, विळासुद्धा नेला होता. पुतळ्याला बांधायला बंकटने आपलंच मुंडासं काढून ठेवलं होतं. बारा वर्षांत दुसऱ्यांच्या घरातल्या शेकडो वस्तू तिने ओळखल्या होत्या, आणि आपल्या घरात नवऱ्याच्या हातची एकही वस्तू नाही हे तिने कधी पाहिलं नव्हतं. झाकलेलं काही नव्हतं. राखून ठेवलेलं काही नव्हतं. त्याच्याबद्दल खरं असं एकच तिच्याजवळ होतं. पांदीच्या वळणापर्यंत दिसत राहिलेली पाठ.

त्या दिवशी तिने एकाच भाकरीचं पीठ मळलं आणि तीही अर्धी उरली.

पुतळ्याच्या दिवशी सकाळी धुळाजी कुंपणापाशी आला. आत बायका जमायला लागल्या होत्या. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, जित्या माणसाला जाळत्यात व्हय? मला दोन दिस अन्न ग्वाड लागंना. मी बोलू का?"

"न्हाई. मी बोलते."

"कवा?"

ती अंगणाकडे वळली. तो गेला नाही, घोंगडीवर हात ठेवून तिथेच उभा राहिला.

अंगणाच्या मधोमध पुतळा मांडला होता. जोशीबुवांनी पळसाची पानं देठांसकट मोजून लावली होती. हातांना किती, छातीला किती, पायांना किती. पानं गवताच्या काड्यांनी टाचली होती, पत्रावळीसारखी. डोक्याच्या जागी नारळ आणि त्यावर बंकटचं मुंडासं. केसरबाई पुतळ्याच्या उशाशी बसली. तिच्या उजव्या हाताशी बांगड्या फोडायचा दगड ठेवला होता. समोर बायका, बायकांच्या मागे बापे, आणि बाप्यांच्या पुढे तात्याबा. अगदी पुढे सुंदरबाई, पोटावर हात ठेवून.

"बोल, लेकी," तात्याबा म्हणाला.

सगळ्यांच्या हनुवट्या तिच्या समोर होत्या. तयार होत्या. 'दोनदा मागं वळून' एवढं म्हटलं असतं तर तीन श्वासांत अंगण भिजलं असतं. तिला वाक्यही सुचलं होतं, पहिल्यापेक्षा चांगलं. 'धनी, तिसऱ्यांदा वळून बघायचं राहिलं की तुमचं.' हे ऐकून युसूफ वडगावच्या बाया वर्षभर बोलल्या असत्या. तिला विधवेचं पांढरं कपाळ मिळालं असतं, पण मान मिळाला असता. बोट थबकलं नसतं, कारण बोट आलंच नसतं. मयताला तिची पहिली जागा राहिली असती.

वाऱ्याने पुतळ्याची पानं हलली. सुंदरबाई दचकली आणि तिने पोटावर दुसरा हात ठेवला. तिची हनुवटी कोरडी होती. तिथे दुःख नव्हतंच, भीती होती. पानांच्या त्या माणसाकडे ती अशी पाहत होती, की आता तो उठेल आणि तिसरंही मागेल. केसरबाईने पुष्कळ चेहरे रडवले होते, पण आपल्या एका वाक्याने इतकं घाबरलेलं माणूस तिने आजवर पाहिलं नव्हतं. दोन वर्षं ही बाई रोज सांजेला उंबऱ्याबाहेर पाणी ठेवत होती, बार्शीत जिनाच्या दारात ढेकर देऊन बसलेल्या माणसासाठी.

"बोल की गं," मागून कुणीतरी म्हणालं. "लई दाटून आलंय तिला."

केसरबाईने ओठाखाली हात लावून पाहिला. कातडी सपाट होती.

"उत्तरेश्वर मेले न्हाईत," ती म्हणाली.

बायकांनी तोंडाला पदर लावले. नवऱ्याचं नाव तिने आजवर लग्नातल्या उखाण्यापलीकडे घेतलं नव्हतं. तिने आवाज खाली नेला नाही, वरही नेला नाही. बाजाराच्या दिवशी भाव सांगावा तसं सांगितलं.

"बार्शीत हायेत. कापसाच्या जिनात. बायको हाय, दोन पोरं हायेत. धुळाजीनं डोळ्यानं बघितलंय, त्याला इचारा."

सगळ्यांच्या माना कुंपणाकडे वळल्या. धुळाजीने मान हलवली. "बघितलंय," तो म्हणाला. "पाच वरसं झाली."

बंकट उठून उभा राहिला. "वैनी! आन् मग दोनदा मागं वळून...?"

"न्हाई बघितलं. एकदा बी न्हाई. ते मी सासूबाईंसाठी बनवलं. मला तुझ्यासंगं न्हाई राहायचं, म्हणाले आन् गेले." ती सुंदरबाईकडे वळली. इथे तिला शब्द शोधावा लागला, आणि तिने मिळेल तो सगळ्यात साधा घेतला. "सुंदर, तुझी लेकरं तापानं गेली. त्यांला कुणी न्हाई नेलं. पाणी आजपून नको ठिवू."

सुंदरबाईचे हात पोटावरच होते, पण बोटं सैल झाली होती. मागच्या ओळीतून एक बाई उठली, तिच्यामागे दुसरी. कुणीतरी म्हणालं, "मला वाटलंच होतं, हिच्यात काय तरी असंल." कुणी रडलं नाही. एकही हनुवटी हलली नाही, आणि केसरबाई ते पाहत होती.

"केसर," तात्याबा पुढे आला. त्याच्या आवाजातला सगळा मुरलेपणा गेला होता. "इचार करून बोल, पोरी. आज ह्या मानसांपुढं बोललीस ते परत घेता याचं न्हाई. मग पुढं काय करणार तू?"

केसरबाईने पुतळ्याच्या छातीवरची एक काडी ओढून काढली. दोन पानं सुटून खाली पडली. काडी वीतभर लांब होती, सुकलेली आणि सरळ. तिने ती तात्याबासमोर धरली.

"तात्या, तुमी पंच हायेत. ही मोडा," ती म्हणाली. "मला त्यांची बायको म्हणून न्हाई राहायचं."